‘पित्त झालंय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

प्रश्न सोलापुरातल्याच एका ४४ वर्षांच्या गृहस्थांचा आहे. यंत्रमाग कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतात. रात्री बारा-साडेबाराला घरी येतात, पोटभर जेवतात आणि लगेच आडवे होतात. सहा-सात महिन्यांपासून झोपल्यावर छातीत जळजळ होते, अधूनमधून घशाशी आंबट पाणी येतं, सकाळी आवाज बसलेला असतो. मेडिकलमधून गोळ्या आणतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. घरचे म्हणतात पित्त, कारखान्यातले म्हणतात गॅस. वडिलांना ५२ व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता, त्यामुळे यांच्या मनात तिसरंच. विचारतात, हे ऍसिड रिफ्लक्सच (जठरातलं आम्ल उलटं अन्ननलिकेत येणं) आहे हे ओळखायचं कसं? आणि जाता जाता, रात्री थंड दूध प्यावं का?

मी फिजिशियन आहे. पंचवीसेक वर्षं याच गावात रुग्ण बघतोय आणि ही तक्रार नाही असा एक दिवस जात नाही. तुम्ही विचारलंय लक्षणांबद्दल, पण माझ्या मते खरी अडचण त्याच्या एक पायरी आधी आहे. तुमच्या त्रासाला तीन जणांनी तीन नावं दिली आणि नाव मिळालं की माणूस पुढे बघायचं थांबतो.

‘पित्त’ हा आपला फार सोयीचा शब्द. अर्धं डोकं ठणकून उलटी झाली, पित्त. अंगावर गांध्या उठल्या, पित्त. उन्हातून आल्यावर मळमळलं, पित्त. तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ आली, तरी पित्तच. यातली पहिली बहुतेक वेळा अर्धशिशी असते, दुसरी ऍलर्जी, तिसरी उन्हाची बाधा आणि चौथीत पित्ताशयात खडे सापडू शकतात. तुमच्या घशाशी येतं ते आंबट पाणी तर मुळात पित्त नव्हेच, ते जठरातलं आम्ल. खरं पित्त यकृतात तयार होतं, हिरवट-पिवळं असतं आणि चवीला कडू. म्हणून मी रुग्णाला आधी विचारतो, आंबट येतं की कडू?

सोलापुरात डॉक्टरला मराठीच्या जोडीला तेलुगू आणि कन्नडही कानावर घ्यावी लागते. शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजी ‘गुंडेल्लो मंटा’ म्हणतात, अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा माणूस ‘एदे उरी’, म्हणजे छातीत जळजळ, म्हणतो. गंमत अशी की तेलुगूत ‘गुंडे’ म्हणजे हृदय. म्हणजे त्या आजी अक्षरशः ‘हृदयात आग’ म्हणत असतात आणि दाखवत असतात अन्ननलिका. म्हणून मी शब्दांपेक्षा हाताकडे जास्त बघतो. ‘कुठे होतं ते हाताने दाखवा’ म्हटलं की रिफ्लक्सचा माणूस बहुधा तळहात पोटाच्या वरच्या खळगीपासून छातीच्या मधल्या हाडावरून वर घशापर्यंत नेतो. हृदयाच्या दुखण्याचा माणूस पुष्कळदा मूठ वळून छातीवर ठेवतो. पोटात वायू धरलेला माणूस बेंबीभोवती हात फिरवतो. आणि जो एका बोटाने बरगडीवर नेमका ठिपका दाखवतो, त्याला बहुतेक स्नायू किंवा कूर्चेचं दुखणं असतं. हा काही पुरावा नव्हे, पण चौकशी कुठून सुरू करायची ते कळतं.

आता आत काय होतं ते थोडक्यात. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब. ती जठराला मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं, चंचीच्या दोरीसारखं. घास आला की सैल होतं, खाली गेला की आवळलं जातं. जठरातलं आम्ल लिंबाच्या रसाच्या तोडीचं, कधी त्याहून तीव्र. जठराला ते सोसतं कारण त्याच्या आतून चिकट पदार्थाचं अस्तर असतं. अन्ननलिकेला तसं अस्तर नाही. दोरी भलत्या वेळी सैल झाली की आम्ल वर येतं आणि जिथे लागतं तिथे जळतं. जेवणानंतर थोडंफार असं सगळ्यांचंच होतं. आपण लाळ गिळतो, लाळ थोडी अल्कधर्मी असते, आम्ल धुऊन निघतं. झोपेत मात्र लाळ जवळजवळ थांबते, गिळणं थांबतं आणि आडवं पडल्यामुळे उतारही राहत नाही. वर आलेलं आम्ल मग तिथेच रेंगाळतं. तुमचा त्रास रात्री का होतो, याचं उत्तर बरंचसं यातच आहे. साडेबाराला भरलेलं पोट एक वाजता तुम्ही आडवं करता.

म्हणून तुमच्या वर्णनावरून माझा कल रिफ्लक्सकडेच आहे. छातीच्या मधल्या हाडामागे जळजळ आणि तोंडापर्यंत आंबट येणं, ही दोन लक्षणं एकत्र असली, ती जेवणानंतर, वाकल्यावर किंवा झोपल्यावर वाढत असली आणि उठून बसल्यावर कमी होत असली, तर बहुतेक वेळा दुसरं काही शोधावं लागत नाही. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त होत असेल तर तो ‘कधीतरी होणारा त्रास’ राहत नाही, उपचार करण्यासारखा आजार होतो. काहींच्या तोंडात अचानक भसकन खारट पाणी सुटतं, तेही यातलंच. करपट ढेकर, जेवल्यावर पोट डब्ब वाटणं, मळमळ ही सोबतची मंडळी. ती असतील तर असतील, पण त्यांच्यावरून निदान होत नाही. अपचनात, जठराला सूज असताना, अल्सरमध्ये, सगळीकडे ती हजर असतात. अल्सरचं दुखणं साधारणपणे पोटाच्या वरच्या भागात कुरतडल्यासारखं असतं आणि पुष्कळदा त्याच्या मुळाशी एक जंतू असतो. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८४ साली त्या जंतूचं मिश्रण स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं आणि २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. तो जंतू अल्सर करतो. तुमच्या चंचीची दोरी तो सैल करत नाही. म्हणून जळजळ झाली की सरसकट ‘जंतूचा कोर्स’ घेऊ नये.

आता तुमच्या मनातल्या तिसऱ्या गोष्टीकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

प्रॅक्टिसच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. एक खानावळवाले दुपारी आले. पन्नाशीचे, घामाघूम. ‘डॉक्टर, गॅस छातीत अडकलाय, काहीतरी पाजा.’ मे महिना होता. सोलापुरात मे महिन्यात चुलीपुढे उभ्या माणसाला घाम येणारच, असं मी धरलं. पातळ अँटासिड पाजलं. दहा मिनिटांत मोठा ढेकर आला, ‘आता बरं वाटतंय’ म्हणाले आणि मीही सुटलो. संध्याकाळी त्यांना मोठ्या रुग्णालयात न्यावं लागलं. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका होता. माणूस वाचला, माझ्यावर रागावलाही नाही. पण ‘औषधाने बरं वाटलं म्हणजे ऍसिडिटीच होती’ हे वाक्य त्या दिवसापासून मी वापरत नाही. हृदयाकडून आणि अन्ननलिकेकडून वेदना वाहून नेणाऱ्या नसा मणक्यात जवळपास एकाच पातळीवर पोचतात, त्यामुळे आग नेमकी कुठल्या घराला लागली हे मेंदूलाही कळत नाही. झटक्यातही मळमळ होते, ढेकर येतात. आणि दुखणं कधी कधी आपसूक थोडं ओसरतं, त्याचं श्रेय आपण ढेकराला देतो.

मग फरक कशात? चालताना, जिना चढताना, ओझं उचलताना येणारा आणि थांबल्यावर दोन-पाच मिनिटांत ओसरणारा त्रास हृदयाचा समजावा, मग तो ‘जळजळ’ म्हणून आला तरी. जळण्यापेक्षा दडपण, आवळल्यासारखं, कोणी छातीवर बसल्यासारखं वाटणं. जबड्यात, खांद्यात, डाव्या किंवा दोन्ही हातांत जाणं. गार घाम, दम लागणं, डोळ्यांपुढे अंधारी. यातलं काही असेल तर सोडा-लिंबू करत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या अशा दवाखान्यात जा जिथे ईसीजी निघतो. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून परत फिरू नका. शंका असेल तर काही वेळाने दुसरा काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) बघतात. मधुमेही माणसाला आणि बायकांना कधी कधी छातीत फारसं दुखतही नाही, नुसती मळमळ आणि गळून गेल्यासारखं वाटतं. घरातल्या बाईने ‘आज पित्ताने अगदी हातपाय गळाले’ म्हटलं, तिचं वय पन्नाशीपुढे असेल आणि साखर असेल, तर मी आधी ईसीजी काढतो.

तुमचा त्रास आडवं पडल्यावर होतो, मागाभोवती दिवसभर उभं राहून, चालून होत नाही, ही जमेची बाजू. पण वडिलांचा झटका पंचावन्नच्या आतला आहे आणि असा इतिहास आम्ही जास्त गांभीर्याने धरतो. तेव्हा रिफ्लक्स आहे की नाही हा वाद बाजूला ठेवून एकदा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घ्या. ट्रेडमिलची चाचणी लागेल का, ते तुम्हाला तपासणारा डॉक्टर ठरवेल. रिफ्लक्स असलेल्या माणसाला हृदयरोग होत नाही असा काही करार झालेला नाही. दोन्ही एकत्र असलेले पुष्कळ रुग्ण माझ्याकडे आहेत.

सकाळच्या आवाजाबद्दल मी तितका ठाम नाही. आम्ल घशापर्यंत पोचलं तर आवाज बसतो, कोरडा खोकला येतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, सारखं खाकरावं लागतं. काहींचे मागचे दात आतल्या बाजूने झिजतात आणि दाताच्या डॉक्टरलाच आधी शंका येते. रात्री अचानक ठसका लागून जाग येणं हेही असतं. पण तुम्ही मागांच्या खडखडाटात काम करता. आठ तास ओरडून बोलणाऱ्याचा आवाज आम्लाविनाही बसतो, आणि हवेत सुताची कुसळं असतात ती वेगळीच. सुट्टीचा दिवस गेल्यावरच्या सकाळी आवाज कसा असतो ते बघा. सुट्टीनंतर मोकळा असेल तर दोष कारखान्याचा जास्त. तंबाखू खाता का, विडी ओढता का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल आणि आवाज तीन-चार आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून स्वरयंत्र बघून घ्या. ते रिफ्लक्सवर ढकलू नका.

तंबाखूचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका ‘आम्ही कुठे तंबाखू खातो’ म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनने ती दोरी सैल पडते. विडी वळणाऱ्या बायकांचं तर दुहेरी आहे. मांडीवर सूप, पुढे वाकून तासन्‌तास बसणं, म्हणजे पोटावर सतत दाब, वर मिश्री आणि जेवण उरकलं की परत तशाच वाकून. अशा एका बाईंना मी गोळी दिलीच नाही. दुपारच्या जेवणानंतर तासभर सूप हातात घ्यायचं नाही, घरातली उभ्याने करायची कामं त्या वेळात उरकायची आणि मिश्री बंद, एवढंच सांगितलं. मिश्री काही सुटली नाही, पण तो तास त्यांनी पाळला आणि तेवढ्यानेही निम्मा त्रास गेला.

काही लक्षणं अशी की ती असली तर घरगुती अंदाज बंद करायचे. घास अडकणं, आधी भाकरी अडकते, मग भातही, तर ताबडतोब तोंडातून दुर्बीण घालून तपासणी (एंडोस्कोपी). कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच, रक्त कमी होणं, उलट्या न थांबणं, आणि आयुष्यात कधी नव्हे ती जळजळ पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू होणं, तेही तसंच. काळ्या शौचाबद्दल दोन शब्द. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, घाबरू नका. पण गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज घेणारी आजी आणि काळी शौच, ही जोडी मी बऱ्याचदा बघितली आहे, तिथे जठरातून रक्त जात असतं. आणखी एक फसवं चित्र आहे. खाल्लेलं अन्न तासाभराने जसंच्या तसं वर येतं, आंबट लागत नाही, आणि पाणीसुद्धा गिळताना अडतं. तिथे दोरी सैल नसते, उलट उघडतच नाही. अशा एका तरुणाने दोन वर्षं ऍसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या होत्या.

तुमच्यात हे काही नसेल तर पहिल्याच भेटीत दुर्बीण लागत नाही. रिफ्लक्सच्या निम्म्याहून अधिक रुग्णांची दुर्बीण नॉर्मल येते, म्हणजे ‘काही निघालं नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा नव्हे. त्याऐवजी आम्ही औषध नीट देऊन बघतो. ‘नीट’ हा शब्द महत्त्वाचा. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या जठरातले आम्ल सोडणारे पंप बंद करतात, आणि ते पंप जेवणाने चालू होतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, उपाशीपोटी. तुम्ही बहुधा जळजळ सुरू झाल्यावर, मध्यरात्री, भरल्या पोटी घेत असाल. म्हणजे जनावर पळून गेल्यावर गोठ्याला कुलूप. तेव्हा लगेच जो आराम वाटतो तो पातळ अँटासिडचा असू शकतो, या गोळीचा नाही. डॉक्टरच्या सल्ल्याने साधारण आठ आठवडे रोज घेतली आणि फरक पडला तर निदानाला चांगला आधार मिळतो, पक्का पुरावा नव्हे. अजिबात फरक पडला नाही तर मग दुर्बीण, क्वचित २४ तास आम्ल मोजणारी तपासणी.

बरेच महिने घेतलेली गोळी एकदम सोडली तर काही दिवस आम्ल उसळून जास्त होतं. लोकांना वाटतं, ‘बघा, गोळीशिवाय जमतच नाही.’ तसं नसतं, हळूहळू कमी करत सोडायची. आणि मेडिकलवाला सवयीने डॉमपेरिडोन (मळमळीवरचं औषध) मिसळलेली कॅप्सूल देतो. ज्यांच्या घरात हृदयाचा इतिहास आहे त्यांनी ती स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नये, तिने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. रक्तदाबाची ऍम्लोडिपिनसारखी गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरला सांगा. तिनेही ते कडं सैल पडतं, पण म्हणून ती आपली आपण बंद करायची नाही.

खाण्याबद्दल माझं मत इथल्या पुष्कळ डॉक्टरांपेक्षा वेगळं आहे. ‘तिखट बंद’ असं मी सरसकट सांगत नाही. सोलापुरात शेंगाचटणी बंद करा म्हणणाऱ्या डॉक्टरचं कोणी ऐकत नाही आणि पुढच्या वेळी रुग्ण खोटं सांगायला लागतो. शेंगाचटणीत अडचण तिखटाइतकीच तेलाची. स्निग्ध पदार्थ जठरात जास्त वेळ राहतात. चमचाभर चटणी, ज्वारीची भाकरी आणि भाजी दुपारी कोणालाही पचते. तीच चटणी तेल घालून, सोबत भजी, रात्री साडेबाराला, यात फरक आहे. कोणाला तिखट बाधतं, कोणाला चहा, कोणाला टोमॅटोचा रस्सा. दोन आठवडे वहीत लिहा: किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, कधी झोपलो, कधी जळजळलं. माझ्याकडे येताना ती वही आणणाऱ्याचा अर्धा निकाल तिथेच लागतो. उपवासाचंही लिहा. एकादशीनंतर माझ्या दवाखान्यात गर्दी वाढते. दिवसभर नुसता चहा आणि मग साबुदाणा, शेंगदाणे, बटाट्याचा कीस. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे जठरालाही ठाऊक आहे.

तुमच्यासाठी मुख्य गोष्ट वेळेची. पाळी बदलता येत नसेल तर जेवण बदला. डबा न्या, कारखान्यातच आठ-साडेआठच्या सुट्टीत पूर्ण जेवा. घरी आल्यावर भूक असेल तर थोडा मऊ भात किंवा अर्धी भाकरी, पोटभर नाही. पूर्ण जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवा, सहा-आठ इंच. उशांची चळत नको, त्याने कंबरेत घडी पडून पोटावर दाब उलट वाढतो. जमिनीवर झोपत असाल तर गादीखाली डोक्याकडून पाठीपर्यंत उतार येईल अशी सोलापुरी चादरींची घडी घाला, त्या आपल्या घरात कमी नसतातच. डाव्या कुशीवर झोपा, तेव्हा जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. पोट सुटलं असेल तर चार-पाच किलो उतरवल्यावर जो फरक पडतो, तो बऱ्याच गोळ्यांनी पडत नाही.

राहता राहिलं थंड दूध. प्याल्यावर दहा-पंधरा मिनिटं छान वाटतं, कारण आम्ल पातळ होतं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला परत आम्ल सोडायला लावतात, आणि साय असेल तर पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. रात्री एक वाजता ग्लासभर दूध पिऊन झोपणं म्हणजे पुन्हा जेवून झोपण्यासारखंच. ताक पातळ, बिनआंबट असेल तर दुपारी खुशाल घ्या, रात्री नको. मध्यरात्री जाग आली तर उठून बसा, दोन घोट साधं पाणी प्या, तोंड खळखळून टाका आणि दहा मिनिटं बसून मग आडवे व्हा.